वर्दीला साखरेची खळ

परिपत्र अकरा पानांचं होतं. त्यातली साडेदहा पानं वर्दीबद्दल होती. उरलेल्या अर्ध्या पानात निशाणेबाजी, प्रथमोपचार, पूरग्रस्तांना मदत आणि देशाचं संरक्षण एवढं सगळं बसवलेलं होतं, आणि ते अर्धं पानही ‘समय मिलने पर’ या शब्दांवर संपत होतं.

शैलेंद्र पागनीसनं पोह्यांची बशी बाजूला सारली आणि परिपत्र दुसऱ्यांदा वाचलं. पान दोन, मोजे. पान तीन, टोपी: कड भुवईच्या वर बरोब्बर दोन बोटं, कमी नाही, जास्त नाही. पान पाच, मिशी. पान सात, निरीक्षणाच्या वेळी सावधानमध्ये उभं असताना पापणीखेरीज कोणताही अवयव हलता कामा नये. खाली सही होती जनरलसाहेबांची, आणि येत्या रविवारी सकाळी साडेनऊला ते स्वतः निरीक्षणाला येणार होते.

सोमवार ते शनिवार शैलेंद्र उज्जैनच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. रविवारी सकाळी मात्र तो एनसीसीचा लेफ्टनंट पागनीस असायचा. पागनिसांचे पूर्वज शिंदेशाहीत घोडदळाच्या पागेवर होते, पण घोड्यावर नव्हते. कोणता घोडा किती हरभरे खातो ते लिहायला होते. शैलेंद्रचे वडील भय्यासाहेब पाहुण्यांना सांगायचे, “आमच्या घराण्यानं दोनशे वर्षं फौजेची सेवा केली.” खरंच होतं ते. बसून केली, इतकंच. उभ्यानं करणारा शैलेंद्र पहिला.

आणि त्याला ते फार आवडायचं. वर्गात तो पानाची रचना सांगत असताना मागच्या बाकावर समोशाची रचना चाललेली असायची. घरी तर विचारूच नका. पण रविवारी मैदानावर त्यानं “थम!” म्हटलं की अठ्ठेचाळीस पोरंपोरी एका टाचेवर थांबायची. घरी त्याच्या सांगण्यावरून मिक्सरसुद्धा थांबत नसे.

म्हणून ते परिपत्र त्यानं तिसऱ्यांदा वाचलं. मागच्या वर्षीच्या निरीक्षणात त्याचे मोजे चुकीच्या रंगाचे निघाले होते. घाईत लग्नातले घातले होते. बटालियनच्या कर्नलसाहेबांनी तेव्हा लेखी समज दिली होती: पुन्हा वर्दीत चूक सापडली तर एनसीसीचा चार्ज दुसऱ्या प्राध्यापकाकडे जाईल.

दुसरा प्राध्यापक तयारच होता. वाणिज्य विभागाचा श्रीधर मुजुमदार. इतका तयार, की त्यानं वर्दीची बेरेट टोपी विकत आणली होती. नवी बेरेट गरम पाण्यात भिजवून डोक्यावरच वाळवायची असते, तेव्हा कुठे तिला डोक्याचा आकार येतो. श्रीधर स्टाफरूममध्ये ओली बेरेट घालून पेपर तपासत बसला होता आणि हिरवं पाणी त्याच्या कानामागून ओघळत कॉलरात चाललं होतं.

“गैरसमज नको करून घेऊ यार,” तो म्हणाला. “फक्त एहतियात म्हणून, जवळ असलेली बरी. तुझे मोजे ठीक आहेत नं यंदा?”

शैलेंद्र मोजे न दाखवताच बाहेर पडला. त्यानं बटालियनचे हवालदार श्रीनाथ यांना गाठलं.

हवालदार श्रीनाथ बावीस वर्षं फौजेत काढून इथे आलेले. त्यांनी परिपत्र हातात घेतलं, वजन केल्यासारखं खालीवर केलं आणि परत दिलं. “सर, नियम किताब में होते हैं. साहब की पसंद टेलीफोन पे मिलती है.”

म्हणजे असं, की जनरलसाहेब आदल्या आठवड्यात ज्या ज्या गावी निरीक्षणाला गेले होते, तिथल्या हवालदारांना फोन करायचा आणि साहेबांनी नेमकं काय बघितलं ते विचारायचं. साहेब एका वेळी एकच गोष्ट बघतात, अशी फौजेतली पक्की समजूत. ती गोष्ट सापडली की बाकीची साडेदहा पानं गुंडाळून ठेवायची.

सोमवारी रतलामहून खबर आली: मिशी. शैलेंद्रनं प्रयोगशाळेतली पानांची जाडी मोजायची पट्टी घरी आणली आणि आरशासमोर उभं राहून परिपत्राप्रमाणे मिशी कापली. डावीकडून दोन मिलिमीटर जास्त गेली. मग उजवीकडून. मग पुन्हा डावीकडून. संध्याकाळपर्यंत नाकाखाली एक संशय तेवढा उरला.

“कोण आलंय?” भय्यासाहेबांनी दारातून विचारलं.

“बाबा, मी आहे.”

“असं होय. मला वाटलं गॅसवाला.”

मंगळवारी नीमचहून फोन: मिशीकडे साहेब ढुंकूनही बघत नाहीत, झाडं बघतात. प्रत्येक खोड खालून कमरेइतकं गेरू आणि वर चुन्याचा पट्टा. आता शैलेंद्र गेली चौदा वर्षं शिकवत होता की झाडाची साल श्वास घेते, तिच्यावर काही फासू नका. त्याच शैलेंद्रनं शुक्रवारपर्यंत कॅडेटांना घेऊन मैदानाभोवतीची एकतीस झाडं फासली. प्राचार्यांच्या ऑफिसाबाहेरचं कुंडीतलं शेवग्याचं रोपसुद्धा. त्या रोपाला कंबर नव्हती, म्हणून त्याला नुसता चुना.

आणि शुक्रवारी दुपारी, गेरू अजून ओला असताना, इंदूरहून खरी खबर आली.

“सर, पेड़-वेड़ सब छोड़ो,” हवालदार श्रीनाथ धावत आले. “साहब आस्तीन पकड़ते हैं. दो उँगली से. कपड़ा मुड़ गया तो अफसर गया. इंदौर में एक कैप्टन को वहीं से घर भेज दिया. बोले, आदमी मुड़ जाए, कपड़ा नहीं मुड़ना चाहिए.”

शैलेंद्रची वर्दी त्या वेळी घरी दोरीवर लोंबत होती, आणि ती केळीच्या पानासारखी मुडायची.

कडक खळ घालून दे म्हटल्यावर टॉवर चौकातल्या प्रेसवाल्यानं हात वर केले. “भिया, कलफ कौन लगाता है आजकल? वो बाटली वाला स्प्रे मार दूँ?” स्प्रे मारला. वर्दीला मोगऱ्याचा वास आला, बाकी काही झालं नाही.

शनिवारी सकाळी शैलेंद्रच्या अंगणात तज्ज्ञ जमले. आपल्याकडे माणूस आजारी पडला की डॉक्टर बोलवावा लागतो. कपडा आजारी पडला की सगळी गल्ली न बोलावता येते. कुणी अरारूट सांगितलं, कुणी डिंक, कुणी म्हणालं गादीखाली ठेवून वर झोपा. शेवटी शेजारच्या सुलूमावशींनी सगळ्यांना गप्प केलं. सुलूमावशी साताऱ्याच्या, पण नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी पन्नास वर्षांपूर्वी इकडे आलेल्या.

“आमचे हे स्टेशनमास्तर होते,” त्या म्हणाल्या. “पांढरा कोट. साबुदाण्याची खळ मी स्वतः घालायची. कोट असा उभा राहायचा की हे रजेवर असले तरी मालगाडीच्या ड्रायव्हरला वाटायचं साहेब फलाटावर आहेत.”

“मावशी, पण साबुदाण्यानं होईल नं पक्कं?” शैलेंद्रच्या बायकोनं, अपूर्वानं विचारलं.

“होईल म्हणजे? आणि शेवटी मूठभर साखर. नुसत्या खळीनं कडकपणा येतो. साखरेनं चमक येते.”

शैलेंद्र तेव्हा कॉलेजात होता. गेरूवर कुत्र्यांनी अंग घासलं होतं, ते दुरुस्त करत होता. तो घरी असता तर निदान एवढं तरी म्हणाला असता की साखरेचं काम चहात असतं. पण तो नव्हता, आणि पुढे जे झालं त्यात कुणाचीच चूक नव्हती. चुका नेहमी अशाच होतात.

सुलूमावशींनी पातेलं ढवळलं, मूठभर साखर टाकली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून घरी गेल्या. जाताना भय्यासाहेबांच्या हातात पळी देऊन गेल्या. भय्यासाहेबांनी साखरेचा डबा उघडा बघितला. साखर घालायची राहिली असणार, असं त्यांना वाटलं. मावशींची मूठ बायकांची, पागनिसांची मूठ पागनिसांची; त्यांनी दोन घातल्या. थोड्या वेळानं अपूर्वा आली, पळी तिच्या हातात गेली, आणि भिंतीपलीकडून मावशींचा आवाज आला, “अगं, साखरेचं लक्षात आहे ना!” अपूर्वा शाळेत शिक्षिका. सांगितलेलं काम ती कधी विसरत नसे.

मार्चचं ऊन. दोन तासांत वर्दी वाळली. दोरीवरून काढली तेव्हा तिचा आवाज झाला, पापड मोडल्यासारखा. अपूर्वानं इस्त्री फिरवली. शर्ट दाराला टेकवून ठेवला, तो पडला नाही. शेजारी पँट ठेवली, तीही उभी राहिली. वर बेरेट ठेवायचाच काय तो अवकाश होता. नवऱ्याची गरजच उरली नव्हती.

“वा!” भय्यासाहेब म्हणाले. “आता वाटतो माणूस.”

रविवारी सकाळी शैलेंद्र त्या वर्दीत शिरला. अंगात घातली असं म्हणता येणार नाही. बाही वाकत नव्हती, गुडघा वाकत नव्हता. स्कूटरवर बसायला गेला, तर तो तिरका होऊन स्कूटरला टेकला, फळी टेकावी तसा.

“ऑटो करून टाक नं,” अपूर्वा म्हणाली.

“बसणार कसा?”

“मग उभा जा.”

सामान वाहणारा लोडिंग ऑटो मिळाला. मागे उभं राहायचं, पुढची दांडी धरायची. लेफ्टनंट पागनीस ताठ मानेनं, अपुऱ्या मिशीनिशी, उघड्या ऑटोत उभा राहून फ्रीगंजातून निघाला. पहिल्या दोन चौकांत त्याला बरंही वाटलं. पोलिसानं वाट करून दिली. देवदर्शनाला आलेल्या एका कुटुंबानं हात जोडले. मग टॉवर चौकात सिग्नलला ऑटो थांबला आणि पोहे खात उभ्या असलेल्या एका माणसानं ड्रायव्हरला विचारलं,

“भिया, किसकी मूर्ति है? कहाँ लग रही है?”

ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं. त्यालाही नक्की आठवेना.

शैलेंद्रनं मान वळवली नाही. वळतच नव्हती.

मैदानावर सगळं परिपत्राबरहुकूम होतं. अठ्ठेचाळीस कॅडेट तीन रांगांत, एकतीस झाडं कमरेपर्यंत लाल. पाहुण्यांच्या खुर्च्यांत दुसऱ्या रांगेत श्रीधर बसला होता. बेरेट त्यानं मांडीवर रुमालाखाली ठेवली होती, बाळ झोपवावं तशी. साडेनऊला कर्नलसाहेबांनी सगळ्यांना सावधानमध्ये उभं केलं, कारण जनरलसाहेब निघाले असल्याचा फोन आला होता.

ते निघाले होते हे खरं. पण उज्जैनला येणारा कोणताही मोठा अधिकारी सरकारी कामाला आला, तरी ते काम आधी देवळावरूनच जातं. साहेब दर्शनाला गेले होते. रविवारची गर्दी होती.

कॅडेट पोरं. कर्नलसाहेबांनी त्यांना दहा मिनिटांनी विश्राम दिला, पाणी दिलं. पण परेड कमांडर म्हणून झेंड्याच्या खांबाजवळ, पुढे एकटा उभा असलेल्या लेफ्टनंटला विश्राम द्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. शैलेंद्र सावधान तो सावधानच.

उन्हानं घाम आला. घामानं खळ ओली झाली. ओल्या खळीतून साखर जागी झाली. आणि खांबाच्या चौथऱ्याखाली, चुना फासलेल्या विटांमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या संसार करत असलेल्या मुंग्यांना हे कळायला फार वेळ लागला नाही.

पहिली आली ती काळी. एकटीच. ती बुटावरून पँटच्या घडीवर चढली, थांबली, चव घेतली आणि आल्या वाटेनं खाली गेली. शैलेंद्रला हायसं वाटलं. प्राणिशास्त्र हा त्याचा विषय नव्हता. ती कंटाळून गेली नव्हती, ती सांगायला गेली होती.

पाच मिनिटांत त्या रांगेनं आल्या. ज्या घडीसाठी अपूर्वानं तासभर इस्त्री फिरवली होती, त्याच घडीवरून, सरळ, एकापाठोपाठ एक, अंतर राखून. त्या दिवशी मैदानावर सगळ्यांत चांगली कवायत त्यांचीच झाली. गुडघ्यापर्यंत गुदगुल्या होत्या. कमरेपाशी लाल मुंग्या येऊन मिळाल्या, आणि गुदगुल्या संपल्या.

पान सात, शैलेंद्र मनात म्हणाला. पापणीखेरीज कोणताही अवयव. त्यानं पापण्या मात्र भरपूर हलवल्या.

समोर खुर्चीत श्रीधर पुढे झुकून बघू लागला. त्याचा एक हात रुमालाखाली गेला.

सव्वादहाला धूळ उडवत गाड्या आल्या. बिगुल वाजलं. जनरलसाहेब उतरले: उंच, सडपातळ, बूट असे की त्यात सगळं मैदान उलटं दिसत होतं. आणि कपाळावर, एका कानशिलापासून दुसऱ्या कानशिलापर्यंत, चंदनाचे तीन ठसठशीत ओले पट्टे. पुजाऱ्यांनी साहेबांचा हुद्दा बघून हात आखडता घेतला नव्हता.

कर्नलसाहेबांना ते दिसलं. हवालदार श्रीनाथांना दिसलं. सगळ्यांनीच आकाशाकडे बघितलं.

जनरलसाहेब सरळ शैलेंद्रसमोर आले. शैलेंद्रनं सॅल्यूट केला. कोपरापाशी कडाड असा आवाज झाला आणि कोपर पंचेचाळीस मिनिटांत पहिल्यांदा वाकलं. हात खाली आला. बाही यायला थोडा वेळ लागला.

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी दोन बोटांनी बाही धरली. दाबली. बाही मुडली नाही. पुन्हा दाबली. साहेबांच्या बोटालाच वळ आला.

“शाबाश,” ते म्हणाले. “इंदौर वालों को दिखाना चाहिए. परिपत्र पढ़ा है, लेफ्टिनेंट?”

“जी सर. ग्यारह पन्ने.” एक मुंगी त्या वेळी त्याच्या मानेवर होती.

“सब बोलते हैं पढ़ा है.” साहेब कर्नलकडे बघून हसले आणि मनाला येईल तो आकडा त्यांनी सहज उचलला. “बताओ, पन्ना नौ पे क्या है?”

शैलेंद्रला अकराही पानं पाठ होती. तोंडातून शब्द बाहेर पडायला लागले तेव्हा त्याला कळलं की कोणते शब्द आहेत, पण लाल मुंग्या चावत असताना माणूस बोलायचा थांबू शकत नाही.

“सर! पन्ना नौ! वर्दी पहनकर ललाट पर किसी भी प्रकार का तिलक, चंदन अथवा भस्म लगाना सख़्त मना है, सर! उल्लंघन करने वाले का पद चाहे जो हो, उसे तुरंत टोका जाए, सर!”

मैदानावर इतकी शांतता पसरली की झाडांवरचा गेरू वाळलेला ऐकू आला असता.

शैलेंद्रच्या डोळ्यांपुढून रविवार जायला लागले, एकामागून एक, सगळे. हवालदार श्रीनाथांनी डोळे मिटले. श्रीधरनं रुमाल काढला आणि बेरेट हातात घेतली.

जनरलसाहेबांचा हात हळूहळू कपाळाकडे गेला. बोटांना ओलं लागलं. परिपत्रावर सही त्यांचीच होती. देवाचा प्रसाद पुसून टाकणं त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं, आणि अठ्ठेचाळीस कॅडेट बघत होते. ते क्षणभर विचारात पडले. मग त्यांनी शांतपणे टोपी धरली आणि पार भुवयांपर्यंत खाली ओढली. चंदन झाकलं गेलं. पान तीन मोडलं, पण पान तीन त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

टोपी इतकी खाली आल्यामुळे साहेबांना आता मान मागे टाकून, नाकाच्या शेंड्यावरून बघावं लागत होतं. त्या नजरेच्या नेमकं समोर शैलेंद्रची कॉलर होती.

“ये क्या है?”

“चींटी, सर.”

“एक?”

“नहीं, सर.”

साहेबांची नजर कॉलरवरून खिशावर, खिशावरून पट्ट्यावर, पट्ट्यावरून बुटांपर्यंत गेली. “कब से हैं?”

“पौने दस से, सर.”

“काट रही हैं?”

“लाल वाली काट रही हैं, सर. काली सिर्फ चल रही हैं.”

“तो हिले क्यों नहीं?”

“पन्ना सात, सर.”

जनरलसाहेब आणखी जवळ आले. त्यांनी एक बोट पुढे करून शैलेंद्रच्या बाहीला लावलं, आणि कर्नलसाहेबांना वाटलं तसं झटकायला नव्हे; त्यांनी ते बोट हळूच जिभेला लावलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी थोडे, मग जास्त. टोपी खाली असल्यामुळे डोळे दिसत नव्हते, म्हणून रडतात की हसतात हे कुणालाच कळेना, आणि साहेबांच्या आधी हसायची कुणाची छाती नव्हती.

“कितनी डाली?” शेवटी त्यांनी कसंबसं विचारलं.

“पता नहीं, सर. मैं ड्यूटी पे था, सर.”

“विश्राम,” जनरलसाहेब म्हणाले. “भगवान के लिए, विश्राम!”

निरीक्षण तिथेच संपलं. साहेबांनी बाकी काही बघितलं नाही. ना मिशी, ना झाडं, ना मोजे. भेटीच्या वहीत त्यांनी उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या, आणि गाड्या धूळ उडवत परत गेल्या. कर्नलसाहेबांनी वही उघडली. श्रीधर त्यांच्या खांद्यावरून वाचायला पुढे आला आणि वाचून झाल्यावर बेरेट पिशवीत घालून, कुणाचा निरोप न घेता, सायकल स्टँडकडे निघून गेला.

वहीत लिहिलं होतं: ‘इस अफसर को सारे नियम याद हैं. इन्हें पद पर बनाए रखें. इनसे कुछ पूछा न जाए.’

“सर, बच गए!” हवालदार श्रीनाथ ओरडले.

पण शैलेंद्र जागेवर नव्हता. बाजूच्या रांगेतून वाट काढत, गुडघे न वाकवता, कंपासपेटीतल्या कर्कटकासारखा तो मैदानामागच्या पाण्याच्या हौदाकडे निघाला होता. हौदाशी तो थांबला नाही. बूट, पट्टा, बेरेट, सगळ्यासकट आत उतरला आणि गळ्यापर्यंत बुडाला. पाण्यावर आधी साबुदाण्याचा पांढरा तवंग आला, मग मुंग्या आल्या, आणि मग हळूहळू त्याचं एकेक कोपर वाकायला लागलं. डावं. मग उजवं. मग गुडघे.

हौदाभोवती अठ्ठेचाळीस कॅडेट गोळा झाले होते आणि पोट धरून हसत होते. हसू देत. अकराही पानांत ज्या एका गोष्टीला कुठेही मनाई नव्हती, ती लेफ्टनंट शैलेंद्र पागनीस आता करत होता. डोळे मिटून, दोन्ही हातांनी, मानेपासून पोटऱ्यांपर्यंत, सावकाश, कसलीही घाई न करता, तो खाजवत होता.